बोटाला लागणारी रेघ

माझं गुडघं कामातनं गेलंत, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं रामायण त्या गुडघ्यांपासनंच सुरू झालं. लोक म्हणत्यात, कृष्णात लई तापट हाय. आवं, उभं राहून राहून ज्याच्या पायाच्या वाट्या झिजल्या, तो काय गोड बोलणार हाय?

नव्व्याण्णव सालची गोष्ट. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी ग्राइंडिंगच्या मशीनवर हुतो. त्याच्या आधी अकरा वर्सं उद्यमनगरात ऑइल इंजिनाचं पार्ट घासलं. लोखंडात हात बसलेला. ते वर्कशॉप बंद पडलं आन् मी हितं फेराईटात आलो. फेराईट म्हंजे काय, तर भाजलेली काळी माती. गंजाची लाल भुकटी, त्यात आणखी दोन-तीन भुकट्या कालवायच्या, साच्यात दाबायच्या आन् भट्टीत भाजायच्या. बाहेर येतंय ते दिसायला लोखंड, वजनाला लोखंड, पर हातातनं पडलं की कपबशीगत फुटतंय. आमचं तुकडं इंग्रजी ई अक्षरासारखं. दोन ई समोरासमोर बसवायचं, मधी तारेचं वेटोळं घालायचं, की झाला टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर. दोन्ही तोंडं अशी बसली पायजेत की मधी केसाएवढी फट न्हाय. ती तोंडं सपाट करायचं काम माझ्या चाकाचं.

चाक हिऱ्याच्या कणांचं. हिरा म्हणलं की ऐकणाऱ्याचं डोळं मोठं हुत्यात, पर ते दिसायला जात्याच्या पाळूगत करडं. चालून चालून ते बोथट हुतंय. मग त्याला पांढरा दगड दावायचा, म्हंजे वरचा चिकटा निघून नवं दात वर येत्यात. रोज सकाळी एकदा, असा नियम. पर चाक खाली. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, अर्धा तास तो दगड धरायला लागतो. उठताना मशीनला धरून उठायचं, आन् त्या वेळी डोळ्यापुढं काजवं चमकायचं. दसरा झाला आन् मी ते सोडून दिलं.

सोडलं ते बी तोंड वर करून सोडलं. उद्यमनगरातली आमची जुनी खोड हुती ती. चाक बोथट झालं की घासण्याऐवजी चोळतंय, आन् लोखंडाला असं चोळलं की आरसा हुतोय. गिऱ्हाईक बोट फिरवायचं आन् म्हणायचं, "तात्या, एक नंबर!" मग फेराईटाला बी तेच. कुणी इचारलं, चाकाला दगड का दावला न्हाय, तर मी म्हणायचो, "तू मला शिकवू नगंस. फिनिशिंग बघ की!" आन् फिनिशिंग खरंच झकास हुतं. आळसाला असा शहाणपणाचा सदरा घातला हुता मी.

माझ्या पुढच्या टेबलावर मल्लव्वा. हुपरीची. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतंय. ही निपाणीकडनं लग्न होऊन आली तवापासनं पैंजणं उजळायची. चौदा वर्सं रिठ्याच्या पाण्यात हात. तिकडं काम कमी झालं तवा मीच तिला हितं आणली. मालकांना म्हणलो, "ह्या बाईच्या हातात झळाळी हाय, घ्या." जाड काचेच्या पाटीवर पेस्ट लावायची आन् माझ्याकडनं आलेला तुकडा पालथा धरून त्यावर आठच्या आकड्यात फिरवायचा, हे तिचं काम. तिच्या हातनं निघालेल्या तुकड्यात तोंड बघून भांग पाडावा. मला आण्णा म्हणायची. बोलता बोलता मधीच कानडी यायचं. कटाळली की "साकु" म्हणायची, म्हंजे पुरे.

आन् कटाळायला तिला कारण हुतं. आमच्याकडं सात महिनं झालं की टेंपररी माणसाला महिनाभर घरी बसवायचं आन् परत नवा म्हणून घ्यायचं, अशी पद्धत. पर्मनंट करायला लागू नये म्हणून. मल्लव्वाचा असा चार वेळा ब्रेक झालता. ती म्हणायची, "आण्णा, दर सात महिन्यांनी मी नवी हुते. नवी नवरीसुद्धा एकदाच नवी असती की ओ!" आम्ही हसायचो, पर ती हसायची न्हाय. ह्या वेळी मात्र मालकांनी शब्द दिलता. एक डिसेंबरला पर्मनंट करायच्या चार जणांची यादी लागणार, त्यात चौथं नाव तिचं. पोरीला तिनं सांगून ठेवलंतं, एक तारखेला घरात पुरण घालायचं.

तर नोव्हेंबरच्या शेवटी, एका गुरुवारी, बेंगळूरच्या गिऱ्हाइकानं अकरा पेट्या परत धाडल्या.

आमचं मालक प्रभुलिंग शेट. माणूस तसा वाईट न्हाय, पर चिडला की छपराचं पत्रं हलायचं. पेट्या शेडच्या मधोमध उतरवल्या आन् सगळ्यांना गोळा केलं. टेस्टिंगला प्रेरणा मॅडम हुत्या. फिजिक्स शिकलेली पोरगी, अजून ट्रेनिंगवरच. तुकड्यातनं चुंबकाची ताकद किती चांगली वाहतीय, त्याचा मीटरवरचा आकडा चोविसशेच्या पुढं पायजे, आन् येत हुता सतराशे. ती म्हणाली, "सर, मला वाटलं तोंडांमध्ये फट असेल. पण तोंडं आरशासारखी बसतायत. फट नाहीच आहे."

"मग काय भूत बसलंय आत?"

तिनं काय केलं, चार तुकडं ॲसिडात बुडवलं, पाच-सात मिनिटांनी काढून धुतलं आन् वाळवून परत मीटरला लावलं. तुकड्यांची सगळी चमक गेलती, पार राखेगत दिसायलंतं. आन् आकडा तेविसशे!

"वरची कातडी खराब आहे सर," ती म्हणाली. "दाबून घासल्यामुळं ती आवळली गेलीय. ॲसिडनं ती खाल्ली की आतला माल चांगला आहे."

मालकांनी एक चमकणारा तुकडा उचलला. त्यात स्वतःचं तोंड बघितलं. मग मल्लव्वाकडं वळलं.

"म्हंजे ही चमक हीच घाण व्हय? आगं बाई, ही काय चांदी हाय? कुणाच्या पोरीच्या पायात घालायची हाय ही?"

काहीजण हसलं. मल्लव्वा पदराला हात पुसत उभी. ती म्हणाली, "मालक, तुकडं माझ्याकडं येत्यात तवाच..." आन् वाक्य तिथंच सोडलं.

"उद्यापासनं येऊ नगंस. यादीतलं नाव काढा हिचं."

मी कुठं हुतो? मी माझ्या मशीनपाशी चिंधीनं हात पुसत हुतो. हात कवाच पुसून झालतं, तरी पुसत हुतो. मला काय माहीत हुतं त्या वेळी? खरं सांगू? अंदाज आलाता. पर म्हणलं, मॅडम शिकलेली हाय, मालक मालक हाय, आपून कशाला मधी तोंड घाला.

जाताना तिनं काचेची पाटी धुतली. डबा पिशवीत घातला. माझ्यापाशी आली आन् म्हणाली, "आण्णा, पेस्टचं झाकण लावून ठेवा. वाळती ती." बास, एवढंच. तीनच्या बसला गेली.

रात्री जेवण गेलं न्हाय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या चाकाखालनं निघालेलं चार तुकडं घेतलं, मल्लव्वाचा हात न लागलेलं. मॅडमकडं गेलो. म्हणलं, "हे जरा लावा मीटरला. कुणाला सांगू नका."

साडेसतराशे.

मी तिथनं उठलो. दसऱ्यापासनं न काढलेला पांढरा दगड कपाटातनं काढला. खाली बसलो. अर्धा तास दगड धरला. गुडघ्यांनी आई-बाप आठवायला लावलं. मग चाक सावकाश चालवून नवीन चार तुकडं काढलं. दिसायला अगदी भिकार, करडं, चमक नावाला न्हाय. मीटरला लावलं. चोविसशे तीस!

मॅडमला इचारलं, "हे असं का हुतंय?"

ती बिचारी समजुतीनं बोलली. "काका, चुंबकाचं सगळं काम आतल्या कणांनी मोकळेपणानं हलण्यावर असतं. धारदार चाक कापतं. बोथट चाक दाबतं, तापवतं, आणि वरचा थर आवळून ठेवतं. हा भाजलेला माल आहे. त्यावर पडलेला दाब तो आत धरून ठेवतो, आणि वरनं काहीच दिसत नाही. मल्लव्वाबाईंनी पण दाबलंय थोडं. पण मूळ नुकसान चाकाचं."

"मग तुमी हे सांगितलं का न्हाय मालकांना?"

"रिपोर्टात लिहिलं मी, ग्राइंडिंग आणि पॉलिश असं दोन्ही. सरांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या." तिनं मान खाली घातली. "माझं ट्रेनिंग अजून चार महिने आहे, काका. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

सांगतो म्हणलं. आईशप्पत, सांगणारच हुतो. पर शनिवारी मालक भट्टीच्या गडबडीत हुतं. रविवारी त्यांच्याकडं पाहुणं. सोमवारी आठवड्याची सुट्टी, तो दिवस मी घरात लोळून काढला. बायको म्हणाली, "काय ओ, बरं न्हाय का?" मी तिच्यावरच खेकसलो. माझी नोकरी संपायला तीन वर्सं उरली हुती. वाटायचं, आता ह्या वयात मेमो घ्यायचा? सगळ्यांदेखत खाली मान घालायची? मी थकलो हुतो हो. थकलेल्या माणसाला आजच्यापेक्षा उद्या बोलणं सोपं वाटतंय.

आन् त्यात आणखी एक झालं. मी रोज सकाळी गुपचूप चाकाला दगड दावायला लागलो. माल सुधारला. आकडं चोविसशेच्या पुढं पळायला लागलं. मंगळवारी मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आन् म्हणलं, "बघ कृष्णात! ती बाई गेली आन् माल सुधारला." मी "व्हय मालक" म्हणलो. माझ्याच तोंडानं म्हणलो.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. यादी लागली, तीन नावांची. पेढं वाटलं. मी बी एक खाल्ला.

त्याच्या पुढच्या सोमवारी मात्र बसवलं न्हाय. सकाळची हुपरीची एसटी धरली. मल्लव्वाचं घर गल्लीच्या टोकाला. दाराबाहेर पाटावर बसलीती, पुढं रिठ्याच्या फेसाची पाटी, त्यात पैंजणं. परत तेच काम. मला बघून उठली, "आण्णा, या की!" म्हणली आन् पोरीला हाक मारून चहा टाकायला लावला. इतकी साधी वागली की मला आणखीच लाज वाटली.

चहा हातात धरून मी सगळं सांगितलं. बोथट चाक, पांढरा दगड, साडेसतराशे आन् चोविसशे तीस, सगळं. म्हणलं, "मल्लव्वा, चूक माझ्या चाकाची हुती. तुझी न्हाय."

ती पैंजण चोळतच हुती. म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"दसऱ्यापासनं तुमच्या तुकड्याला रेघा यायच्या. डोळ्याला दिसत न्हाईत, बोटाला लागत्यात. आन् तुकडा कडक लागायचा, कसा सांगू, चांदी जादा ठोकली की कशी हुती तसा. मी चौदा वर्सं हेच केलंय की आण्णा." तिनं अंगठा माझ्यापुढं धरला. रिठ्यानं पांढरा पडलेला, कडेला चिरा गेलेला. "मालक रोज एक तुकडा उचलून बोट फिरवायचे. त्यांना रेघ लागली असती तर तुमालाच बोलले असते. म्हणून मी दाबून दाबून घालवायची. दोन तुकड्याच्या येळात एक व्हायचा. खांदा भरून यायचा."

"आगं, मला सांगायचं की!"

"कसं सांगू? तुमी मला कामाला लावलं. आन् खाली बसताना तुमचं तोंड बघितलंय मी. म्हणलं, जाऊ दे, तेवढं आपून काढू." ती जराशी हसली. "मला काय म्हाईत, दाबल्यानं आणखी बिघडतंय ते. चांदीला दाबलं तर काय हुत न्हाय."

चहा गार झाला. माझ्या गुडघ्याचं दुखणं ह्या बाईनं सव्वा महिना आपल्या खांद्यावर घेतलंतं, आन् मी तिच्यासाठी एक वाक्य बोललो नव्हतो. डोळं भरून आलं माझं. लपवायचा प्रयत्न केला, जमला न्हाय.

"मी उद्या मालकांना सगळं सांगतो," म्हणलं.

ती म्हणाली, "सांगा. आन् तुमाला हे कवा कळालं, आण्णा?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळालं म्हणायचं, झालं. पर तिच्या अंगठ्याकडं बघून जीभ वळली न्हाय.

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

तिचा हात थांबला. ती मनात दिवस मोजत हुती, मला दिसत हुतं.

"म्हंजे एक तारखेच्या आधी."

"व्हय."

"चार-पाच दिवस हुतं मधी."

"व्हय."

ती म्हणाली, "साकु," आन् हात परत पाण्यात घातलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी उठताना दाराच्या चौकटीला धरून उठलो, तिनं मान वर केली न्हाय.

मंगळवारी सकाळी, पाळी भरायच्या वेळी, सगळे हुते तवा मी मालकांपुढं उभा राहिलो आन् बोललो. प्रेरणा मॅडम पळत जाऊन दोन्ही जातीचं तुकडं घेऊन आली, मीटर दाखवलं. मालक आधी माझ्याकडं, मग मीटरकडं बघत राहिले. मला वाटलं, आता पत्रं हलणार. पर ते ओरडलं न्हाईत. बसले खुर्चीवर.

"कृष्णात, मर्दा, एक तारखेच्या आत तोंड उघडलं असतंस तर तिचं नाव हुतं की यादीत! आता यादी गेली ऑफिसला. तिचा ब्रेक पडला. मी काय करू आता?"

मला मेमो मिळाला. चाक माझ्याकडंच ठेवलं, कारण दुसरं कोण हुतं चालवायला? आन् मल्लव्वाला निरोप गेला, ये म्हणून. मला वाटलं, ती यायची न्हाय. पर पोरगी धाव्वीला हुती. दोन दिवसांनी आली.

ऑफिसात तिच्यापुढं फॉर्म ठेवला. परत नवीन कामगार. पाचव्यांदा. तिनं सही केली, पदर खोचला आन् टेबलावर येऊन काचेची पाटी पुसायला लागली. माझ्यापासनं तीन पावलांवर. मी म्हणलं, "पेस्टचं झाकण लावून ठेवलंतं बघ, वाळली न्हाय." तिनं डबा उघडला, बघितला, परत झाकण लावलं.

मी त्या दिवशी सकाळी दगड दावला हुता, पर गुडघा ठणकायला लागला म्हणून जरा लवकर उठलो हुतो. पाच-दहा मिनिटंच लवकर. कुणाला कळणार हाय, म्हणलं. पहिला तुकडा काढला आन् तिच्या टेबलावर ठेवला.

तिनं तो उचलला. उजेडाकडं नेला न्हाय, डोळं बी लावलं न्हाईत. नुसता अंगठा फिरवला, एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं. पेस्टला हात घातला न्हाय. तुकडा होता तसा माझ्या मशीनवर परत आणून ठेवला, आन् सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मिस्त्री, रेघ हाय."

तीन वर्सं ती मला आण्णा म्हणायची. मी दगड घेतला, मशीनला धरलं आन् खाली बसलो.